तंतूंची लांबी कोठे खर्ची पडते

विजेच्या ड्रिलचे हातात धरावयाचे आवरण, मोटारीच्या इंजिनास हवा पुरविणारा मॅनिफोल्ड, चालकाच्या पायाखालचे ॲक्सिलरेटरचे पेडल, रेडिएटरच्या टोकांस बसविलेल्या टाक्या, अशा ज्या वस्तू एके काळी धातूच्या होत असत, त्या आज बहुतांशी प्लास्टिकच्या होतात. आणि ज्या प्लास्टिकच्या अंगी हे जोखमीचे काम पत्करण्याइतका ताठपणा मुळात नव्हता, त्याच्या अंगी तो आणण्याचे श्रेय त्यात मिसळलेल्या काचेच्या बारीक तंतूंकडे जाते. निव्वळ पॉलिप्रॉपिलीनचा ताठपणा सुमारे दीड गिगापास्कल, कोरड्या नायलॉनचा सुमारे तीन, आणि काचतंतूचा बहात्तर. बळकटीतील अंतर तर याहूनही मोठे, कारण पॉलिप्रॉपिलीन जेथे चौरस मिलिमीटरला तीस-पस्तीस न्यूटनांच्या ताणाखाली हार खाते, तेथे नुकताच ओढलेला काचतंतू तीन हजारांहून अधिक न्यूटन सोसतो. अशा मालाच्या पोत्यावर तीस टक्के ग्लास, चाळीस टक्के ग्लास असा आकडा छापलेला असतो, आणि वस्तूचा आराखडा करणारा, ती घडविणारा व ती तपासून घेणारा असे तिघेही या आकड्यावर विसंबून आपापले काम उरकतात. त्या आकड्याने एवढेच कळते की पोत्यात काच किती गेली. ती साच्यातून बाहेर पडताना केवढ्या लांबीच्या तुकड्यांत बाहेर पडली, याविषयी तो आकडा काहीही सांगत नाही, आणि वस्तूचे बळ मात्र पुष्कळ अंशी या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असते. पोते हॉपरमध्ये रिकामे झाल्यापासून साचा उघडेपर्यंतच्या काही मिनिटांत तंतूंची लांबी कोठे कोठे खर्ची पडते, आणि त्यातली किती वाचविता येते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

काच ठिसूळ असते, हा आपला नित्याचा अनुभव. मग तिचाच धागा इतका बळकट कसा, याचा उलगडा इंग्लंडातील फार्नबरो येथील विमानविद्येच्या सरकारी संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या ॲलन ग्रिफिथ याने १९२० साली केला. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म चिरा असतात, ताण त्या चिरांच्या टोकांशी एकवटतो व तेथून काच फाटत जाते. धागा जसजसा बारीक ओढावा, तसतशी मोठी चीर मावण्यास त्यात जागाच उरत नाही. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय कंपनीत गेम्स स्लेटर व त्याच्या सहकाऱ्यांनी असा धागा अखंड व स्वस्त काढण्याची रीत बसविली, आणि प्लास्टिकला बळ देण्यासाठी आज जो तंतू वापरतात त्याचा व्यास बहुधा दहा ते सतरा मायक्रॉनांच्या दरम्यान असतो.

परंतु तंतूचे बळ तंतूच्या ठायी असून भागत नाही. बाहेरचा भार त्याच्यापर्यंत पोचावा लागतो, आणि तो पोचविण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे सभोवतालच्या प्लास्टिकची तंतूच्या अंगावरील पकड. तंतूच्या अगदी टोकाशी ताण शून्य असतो. टोकापासून आत जावे तसा, ही पकड थोडा थोडा भार सुपूर्द करीत जाते तसा, तो चढत जातो. त्यामुळे प्रत्येक तंतूची दोन्ही टोके निरुद्योगी असतात, आणि तंतू फार आखूड असेल तर त्याचा मधला भागही पुरत्या कामाला लागण्यापूर्वीच दुसरे टोक येते. एच. एल. कॉक्स याने १९५२ साली या भारवहनाचे गणित मांडले, आणि १९६५ साली अँथनी केली व विल्यम टायसन यांनी त्यातून एक सुटसुटीत नियम काढला, जो आज या विषयाचा पाया गणला जातो. कौतुकाची गोष्ट अशी की त्यांच्या प्रयोगांत प्लास्टिक नव्हते व काचही नव्हती. तांब्यामध्ये टंगस्टनच्या व मॉलिब्डेनमच्या तारा घालून त्यांनी तो नियम पडताळला होता. तंतूची बळकटी गुणिले त्याचा व्यास, आणि त्यास पकडीच्या बळाच्या दुपटीने भागले असता जी लांबी येते, ती क्रांतिक लांबी. तिच्याहून आखूड तंतू कधीच तुटत नाही, तो प्लास्टिकमधून नुसता उपटला जातो, म्हणजे त्याची बळकटी वापरलीच जात नाही.

या नियमात व्यवहारातील आकडे घालून पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानी येते. कारखान्यात हाताळला गेलेला काचतंतू सुमारे दोन हजार मेगापास्कल सोसतो असे धरू. चौदा मायक्रॉनांचा असा तंतू पॉलिप्रॉपिलीनमध्ये बसविला आणि पकड बारा मेगापास्कल मानली, तर क्रांतिक लांबी जवळजवळ १.२ मिलिमीटर येते. नायलॉनची पकड याच्या तिपटीच्या आसपास असते व त्यात घालावयाचे तंतू बहुधा दहा मायक्रॉनांचे असतात, म्हणून तेथे हीच लांबी ०.३ मिलिमीटरपर्यंत खाली येते. आणि क्रांतिक लांबी गाठणे म्हणजे सर्व काही गाठणे असेही नाही, कारण त्या लांबीचा तंतू आपल्या बळाचा सरासरीने निम्माच भाग उपयोगात आणतो. नव्वद टक्के उपयोग व्हावयाचा तर लांबी क्रांतिक लांबीच्या पाचपट, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत सहा मिलिमीटर हवी. ताठपणाची गरज याहून पुष्कळ कमी लांबीत भागते, आणि आघात सोसण्याची शक्ती मात्र त्याहूनही अधिक लांबी मागते. म्हणूनच एखादी वस्तू वाकवून पाहण्याच्या परीक्षेत उत्तम उतरते, आणि थंडीच्या दिवसांत एका धक्क्यासरशी दुभंगते, असा जो अनुभव येतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा तंतूंचे आखूडपण असते.

बाजारात येणारा माल दोन जातींचा. पहिल्या जातीत तीन-चार मिलिमीटर लांबीचे कापलेले काचतंतू दोन स्क्रूंच्या यंत्रात वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळून दाणा पाडतात. त्या घुसळणीतून निघेपर्यंत तंतू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आलेले असतात, आणि मोल्डिंगनंतर वस्तूत त्यांची सरासरी ०.२ ते ०.४ मिलिमीटर उरते. नायलॉनची क्रांतिक लांबीच एवढी असल्यामुळे तेथे हा माल काम देतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तो ताठपणापुरता ठीक, बळकटीच्या बाबतीत दुबळा. दुसरी जात लांब तंतूंची. १९८० नंतरच्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीच्या व्हर्टन या मालाने ती रूढ केली. हिच्यात काचतंतूंचा अखंड पेळू वितळलेल्या प्लास्टिकमधून ओढून भिजवितात, थंड करतात आणि मग दहा-बारा मिलिमीटरांचा दाणा कापतात, त्यामुळे दाण्याची जी लांबी तीच त्यातील प्रत्येक तंतूची. २४०० टेक्स (एका किलोमीटरचे ग्रॅममधील वजन) भरणाऱ्या पेळूत सतरा मायक्रॉनांचे सुमारे चार हजार तंतू असतात, म्हणजे बारा मिलिमीटरांच्या एका दाण्यात चार हजार तंतू शिस्तीने शेजारी शेजारी निजलेले असतात, आणि प्रत्येकाची लांबी त्याच्या जाडीच्या सातशेपट असते. यातील किती लांबी वस्तूपर्यंत पोचते? सावधगिरीने काम केले तर सरासरी एक ते तीन मिलिमीटर. बेफिकिरीने केले तर एकाहूनही कमी, आणि मग ज्याने लांब तंतूंचे दाम मोजले त्याच्या पदरी आखूड तंतूंचा माल पडतो. मला या सर्व विषयातील सर्वांत मोठे नुकसान हेच वाटते, कारण ते कोणाच्याही दप्तरी नोंदले जात नाही: वस्तूचे वजन बरोबर असते, माप बरोबर असते, पृष्ठभाग निर्दोष असतो, जाळून पाहिले तर काचेची टक्केवारीही बिनचूक भरते.

तंतू तुटतो तो मुख्यतः वाकल्यामुळे. दाट रसाच्या प्रवाहात एक थर दुसऱ्यावरून घसरत असतो, आणि त्या घसरणीत सापडलेली लांबोडकी वस्तू गिरक्या घेत राहते, हे जी. बी. जेफरी या गणितज्ञाने १९२२ सालीच दाखविले होते. बहुतेक वेळ ती प्रवाहाच्या दिशेशी समांतर राहते व निर्धोक असते. पण गिरकी घेताना एका क्षणी प्रवाह तिला दोन्ही टोकांकडून आत दाबतो, आणि दाबलेली काठी सडपातळ असेल तर मध्ये बाक घेते. चौदा मायक्रॉनांचा काचतंतू सुमारे पाव मिलिमीटर त्रिज्येइतका वाकला की तुटतो. हा बाक केव्हा येईल याचा हिशेब कॅनडातील माँट्रियल येथे कागदाच्या लगद्यातील तंतूंचा अभ्यास करणाऱ्या फोरगाच व मेसन या दोघांनी १९५९ साली प्रसिद्ध केला, आणि कागदासाठी काढलेला तो नियम पुढे काचतंतूंच्या बाबतीत अत्यंत उपयोगी ठरला. बाक आणण्यास लागणारा ताण हा तंतूच्या सडपातळपणाच्या, म्हणजे लांबी भागिले जाडी या गुणोत्तराच्या, जवळजवळ चौथ्या घातानुसार उतरतो. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर पूर्वीच्या सोळाव्या हिश्शाचा ताणही पुरे होतो.

या चौथ्या घातात मोल्डिंगवाल्याच्या दृष्टीने सारे मर्म साठविलेले आहे. बारा मिलिमीटरचा तंतू क्षुल्लक निमित्ताने मधोमध मोडून त्याचे सहाचे दोन होतात, सहाचे तीन होण्यास त्याहून पुष्कळ मोठा ताण लागतो, आणि एक मिलिमीटरच्या खाली आलेला तंतू बऱ्याच निर्दय वागणुकीतूनही तसाच वाचतो. अर्थात लांबीची घसरण आरंभी भयंकर वेगाने होते आणि पुढे मंदावते. यातून निघणारा निष्कर्ष असा की शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे साच्यात, घेतलेली काळजी व्यर्थ नसली तरी तोवर बहुमोल असे जे काही होते ते बहुधा हातचे गेलेले असते, आणि खरा बंदोबस्त आरंभीच, दाणा वितळवून साच्याकडे नेणाऱ्या स्क्रूच्या पहिल्या काही आट्यांमध्ये, करावा लागतो.

त्या आट्यांमध्ये काय घडते हे पाहण्याची युक्ती युनियन कार्बाइड कंपनीतील ब्रूस मॅडॉक याने १९५९ साली प्रसिद्ध केली. चालते यंत्र त्याने एकाएकी थांबविले, स्क्रूभोवतीचे बॅरल थंड केले, स्क्रू बाहेर काढला आणि त्याच्या आट्यांमध्ये गोठून बसलेल्या प्लास्टिकचे ठिकठिकाणी काप घेतले. दाणा सर्वत्र सारखा वितळत जात असेल ही समजूत त्या कापांनी खोटी ठरविली. आटीच्या एका बाजूस न वितळलेल्या दाण्यांचा घट्ट दाबला गेलेला ढीग असतो, दुसऱ्या बाजूस रसाचा डोह असतो, आणि ढीग व तप्त बॅरल यांच्या मध्ये रसाचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. वितळण्याचे काम मुख्यत्वे त्या पापुद्र्यात चालते, तेथून रस खरवडला जाऊन डोहात जमा होतो, आणि पुढे पुढे ढीग आक्रसत व डोह वाढत जातो. साठ मिलिमीटर व्यासाचा स्क्रू मिनिटाला साठ फेरे घेत असेल, तर त्याच्या परिघाचा वेग सेकंदाला सुमारे १९० मिलिमीटर होतो, पापुद्रा ०.२ मिलिमीटर जाडीचा धरला तर त्यातील घसरणीचा दर सेकंदाला साडेनऊशेच्या घरात जातो, आणि त्याच वेळी पुढच्या पाच मिलिमीटर खोल आटीत तोच दर अडतीसच्या आसपास असतो. पापुद्र्यातील जुलूम पंचवीसपट. त्यातही तंतूची स्थिती अशी, की त्याचे एक टोक अजून घट्ट दाण्यात रुतलेले आणि दुसरे टोक धावत्या रसात सुटलेले. रुतलेल्या टोकामुळे त्याला गिरकी घेऊन प्रवाहाशी जुळते घेण्याची मुभा नाही, आणि सुटलेल्या टोकास रस आपल्याबरोबर ओढून नेऊ पाहतो. अशा स्थितीत काचेने टिकाव धरावा तरी कसा? १९८३ साली फॉन टुर्कोविच व अर्विन या अभ्यासकांनी मोडतोडीचा मोठा भाग वितळण्याच्या या टप्प्यातच होतो हे दाखवून दिले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या आयआयटीतील मित्तल व गुप्ता यांनी सहकाऱ्यांसमवेत काचतंतुयुक्त पॉलिप्रॉपिलीनवर प्रयोग करून घन व द्रव यांच्या सीमेवर रुतलेल्या तंतूच्या वाकण्याचे गणित मांडले. दाणा पाडणाऱ्या कारखान्यांनी हा धडा फार पूर्वीच आचरणात आणलेला आहे: दोन स्क्रूंच्या यंत्रात काचतंतू प्लास्टिकच्या बरोबर वरून टाकीत नाहीत, प्लास्टिक पुरते वितळल्यावर मधल्या बाजूच्या तोंडातून रसात सोडतात. मोल्डिंगवाल्याला ही सोय नाही, कारण त्याच्या हाती येणाऱ्या दाण्यात काच आधीच बसलेली असते. दाणा वितळण्याची रीत सौम्य करणे एवढेच त्याच्या अधिकारात उरते.

दाणा दोन मार्गांनी वितळतो, बॅरलच्या उष्णतेने आणि स्क्रूच्या घुसळणीतून उपजणाऱ्या उष्णतेने. तंतूंच्या दृष्टीने पहिला मार्ग हितकर व दुसरा घातक, म्हणून शक्य तेवढे काम हीटरकडे सोपवावे आणि स्क्रूकडे थोडे ठेवावे, हे पहिले सूत्र. लांब तंतूंच्या मालासाठी बॅरलचा मागचा भाग नेहमीच्या शिरस्त्यापेक्षा अधिक उष्ण, पुढच्या भागाइतका किंवा किंचित वरचढ, ठेवावा, म्हणजे दाबाच्या आट्यांपर्यंत येताना दाणा मऊ झालेला असतो. मात्र हॉपरच्या तोंडाशी पाणी खेळते ठेवावे, नाही तर दाणे तेथेच एकमेकांस चिकटून कमान धरतात व माल उतरेनासा होतो. रसाचे तापमानही मालाला सोसेल त्या मर्यादेच्या वरच्या अंगास ठेवणे इष्ट, कारण रस जितका पातळ तितका त्याच वेगात तंतूवर पडणारा ताण कमी. स्क्रूची आटी खोल असावी, दाबाचे प्रमाण दोन-अडीचपटीहून अधिक नसावे, टोकाशी मिश्रणासाठी बसविलेले कंगोरे नसावेत, आणि बारा मिलिमीटरच्या दाण्यासाठी चाळीस मिलिमीटरांहून बारीक स्क्रू शक्यतो टाळावा, कारण तेथे दाणा आटीत शिरतानाच मोडतो.

स्क्रूच्या फेऱ्यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण घाई येथेच सर्वांत महागात पडते आणि ती बहुधा निष्कारण असते. वस्तू साच्यात निवण्यास तीस सेकंद लागतात असे समजा. पुढच्या शॉटचा माल भरून घेण्यास स्क्रू जलद फिरवून बारा सेकंद लावले, तर उरलेले अठरा सेकंद तो नुसता उभा राहतो. तोच स्क्रू निम्म्या वेगाने फिरविला तर भरणी चोवीस सेकंदांत होते, साचा उघडण्यापूर्वी सहा सेकंद शिल्लक राहतात, एकही वस्तू कमी निघत नाही, आणि त्या घातक पापुद्र्यातील घसरणीचा दर निम्म्यावर येतो. ज्या सुधारणेस पैसा लागत नाही व उत्पादनही घटत नाही, अशी ही सुधारणा पुष्कळ ठिकाणी केवळ जुने सेटिंग तसेच चालत आले म्हणून राहून जाते. फेऱ्यांचा आकडा एका यंत्रावरून दुसऱ्यावर जसाच्या तसा उचलू नये, हेही येथेच नमूद करतो. जाड स्क्रूचा परीघ मोठा, म्हणून त्याच फेऱ्यांत त्याचा वेग अधिक होतो.

बॅक प्रेशरचा, म्हणजे भरणीच्या वेळी मागे सरकणाऱ्या स्क्रूला अडविणाऱ्या दाबाचा, प्रश्न अधिक नाजूक आहे. ते वाढविले की रस घट्ट व एकजीव होतो, पण तंतू अधिक वेळ अधिक दाबाखाली घुसळले जातात. म्हणून लांब तंतूंसाठी ते चालेल तितके कमी, तेलाच्या बाजूने तीन ते पाच बार, ठेवावे असा सर्वसाधारण दंडक आहे. यंत्राच्या पडद्यावरील आकडा तेलाच्या दाबाचा आहे की रसाच्या, याची मात्र आधी रुजवात घालावी, कारण दोहोंत साधारण दहापट अंतर असते. पण दाब अगदीच काढून घेतला तर दाण्यातील चार हजार तंतू एकमेकांपासून सुटतच नाहीत, जुडग्याचे जुडगे वस्तूत जाते, पृष्ठभागावर पांढरे डाग उमटतात, आणि त्या जुडग्याच्या आत रस न शिरल्यामुळे तेथून वस्तू तडकते. मसालेभात करणाऱ्या गृहिणीस हा पेच पूर्ण परिचयाचा असतो: ढवळला नाही तर गोळे राहतात, आणि फार ढवळला तर शिताच्या कण्या होतात. तंतू मोकळे व्हावेत पण मोडू नयेत, यासाठी लागणारी घुसळण नेमकी किती, हे कोणत्याही पुस्तकातील कोष्टक सांगू शकत नाही. दाब थोडा थोडा वाढवीत जावे आणि पांढरे जुडगे दिसेनासे होताच तेथे थांबावे, हीच व्यवहार्य रीत.

स्क्रूच्या पुढच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगता येते. चेक रिंग (रसाला मागे फिरू न देणारी कडी) मोकळ्या मार्गाची, नोझल सरळ व रुंद भोकाचे, रनर (साच्यातील रसाची नाली) पूर्ण गोल व जाड, वळणे गोलाई दिलेली, गेट (वस्तूच्या पोकळीत शिरण्याचे तोंड) रुंद आणि लांब तंतूंसाठी दोन-तीन मिलिमीटरांहून कमी जाडीचे नसलेले, अशी सर्व व्यवस्था एकाच हेतूने करावयाची, की रसाला कोठेही अरुंद फटीतून किंवा धारदार कोपऱ्यावरून जावे लागू नये. टाचणीएवढे गेट व बोगद्यासारखे तिरपे गेट साध्या मालास सोयीची असली तरी येथे वर्ज्य मानावीत. रुंद गेटाची खूण वस्तूवर राहते आणि ती छाटण्यास एक माणूस बसवावा लागतो, ही तक्रार खरी आहे. पण ती छाटणी हिशेबात धरूनच वस्तूची किंमत ठरविली पाहिजे. माल साच्यात सोडण्याचा वेग मध्यम असावा. फार जलद सोडला तर गेटात ताण वाढतो हे उघडच आहे, परंतु फार सावकाश सोडला तरीही नुकसान होते, कारण साच्याच्या थंड भिंतींना लागून रसाचा जाड थर गोठतो, मधली वाट अरुंद होते, आणि टाळावयाचा तोच ताण दुसऱ्या बाजूने परत येतो.

वस्तू कमी बळाची निघाली की काचेची टक्केवारी वाढवावी, हा जो उपाय पुष्कळदा सुचविला जातो, त्याचा येथे विचार केला पाहिजे. तीस टक्के काच वजनाने मोजली असता पॉलिप्रॉपिलीनमध्ये तिने व्यापलेली जागा अवघी तेरा टक्के असते, म्हणून आणखी काच मावेल हे खरे. पण तंतूंची गर्दी वाढली की ते एकमेकांवर घासतात, एकमेकांवर आडवे पडून वाकतात, रसही दाट होतो, आणि परिणामी शिल्लक लांबी आणखी घटते. जास्त काचेने जास्त ताठपणा मिळतो, पण गेलेले आघातबळ तिने परत येत नाही. वर स्क्रू व बॅरल यांची झीज वाढते ती निराळीच. रनर व नापास वस्तू दळून पुन्हा वापरण्याच्या चालीसही हाच आक्षेप लागू पडतो: दळताना तंतू कापले जातात, आणि पुन्हा स्क्रूतून जाताना दुसऱ्यांदा मोडतात. याच्या उलट एक मार्ग असा आहे की ज्याने लांबी वाढत नाही पण गरज कमी होते. तंतूंवर सिलेन जातीचा लेप आणि पॉलिप्रॉपिलीनमध्ये मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले थोडे पॉलिप्रॉपिलीन असले, तर पकड वाढते. पकड वाढली की केली व टायसन यांच्या नियमानुसार क्रांतिक लांबी उतरते, आणि मोडलेला तंतूही अधिक उपयोगी पडतो.

हे सर्व करून लांबी खरोखरच वाचली किंवा नाही, याचा दाखला मोजल्यावाचून मिळत नाही, आणि मोजणे वाटते तितके अवघड नाही. वस्तूचा तुकडा भट्टीत पाचशे अंशांच्या आसपास जाळला की प्लास्टिक निघून जाते व काच उरते. ती पाण्यात अलगद विखरून, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्र घेऊन, तंतू मोजतात, आणि यासाठी आयएसओ २२३१४ हे आंतरराष्ट्रीय मानकही उपलब्ध आहे. तापलेली काच दुबळी होते, म्हणून चिमट्याने उचलाउचल करताना आपणच तंतू मोडू नयेत एवढी दक्षता घ्यावी. सरासरी काढताना मात्र कोणती सरासरी, हे लिहून ठेवणे फार महत्त्वाचे. शंभर तंतूंपैकी नव्वद ०.३ मिलिमीटरचे आणि दहा पाच मिलिमीटरचे असतील, तर नुसत्या मोजणीने सरासरी ०.७७ मिलिमीटर येते, आणि प्रत्येक तंतूस त्याच्या लांबीइतके वजन देऊन काढली तर ती ३.३५ मिलिमीटर येते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो की मोडतोड फार झाली आहे, दुसरा सांगतो की काचेचा बराच अंश अजून लांब तंतूंत आहे. माल विकणारा दुसरा आकडा पुढे करील आणि दोष काढणारा पहिला, म्हणून दोन्ही मागून घ्यावेत.

ज्या लहान कारखान्यात मोजणीची साधने नाहीत, तेथे एक साधी परीक्षा उरते. वस्तू भट्टीत पूर्ण जाळावी आणि राहिलेल्या काचेकडे पाहावे. तंतू लांब उरले असतील तर प्लास्टिक निघून गेल्यावरही ते परस्परांत गुंतून राहतात आणि वस्तूचा आकार, तिच्या बरगड्या व भोके यांसह, पांढऱ्या सांगाड्याच्या रूपाने तसाच उभा राहतो. ते मोडले असतील तर तो आकार हलक्या स्पर्शाने ढासळून त्याची भुकटी होते. आघातयंत्र नसलेल्या मालकासही या एका दृश्यावरून आपल्या सेटिंगचा निकाल करता येतो.

पुण्याच्या आसपास भोसरी, पिंपरी व चाकण या पट्ट्यात मोटारींचे भाग करणारी मोल्डिंगची यंत्रे दाटीने उभी आहेत, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या आराखड्यांवर मालाचे नाव व काचेची टक्केवारी एवढाच तपशील बहुधा असतो. आराखडा करणाऱ्यांनी त्याच ओळीत, तयार वस्तूतील तंतूंची किमान सरासरी लांबी आणि ती मोजण्याची रीतही लिहावी, एवढी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे. कारण जी गोष्ट आराखड्यावर लिहिलेली नाही तिच्यासाठी कोणताही मोल्डिंगवाला आपला स्क्रू सावकाश फिरविणार नाही, आणि त्यास त्याबद्दल दोष देता येणार नाही.